वांग्यावरचे लाल कोळी आणि साहेबांचे गुलाब

माझ्या वडिलांना ज्या माणसानं चोर ठरवलं त्याचं वाटोळं व्हावं, असं मी सात-आठ वर्षं रोज सकाळी न चुकता म्हणत होते. दुसरी माणसं उठल्यावर हात जोडतात, काही चांगलं मागतात. मी राखुंडीनं दात घासता घासता त्या साहेबाला शिव्या घालायची. त्याची मला लाज वाटत नव्हती आणि आजही वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच सांगायला बसले आहे.

अकोल्याच्या बाहेर तेव्हा एक फार्म होतं. भाजीपाल्याचे वाफे, संत्र्याचा एक तुकडा आणि टोकाला कौलारू प्रयोगशाळा. फार्मचं नाव सांगत नाही, साहेबांचंही नाही. माझे बाबा तिथे फवारणीच्या कामावर होते. पाठीवर पितळी पंप, नाकातोंडाला जुन्या धोतराची पट्टी, आणि ओळ सुटू न देता चालायचं. धर्मांतरानंतरची ती पहिलीच वर्षं. बाबांनी दोन गोष्टींचा हट्ट धरला होता: मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि पोरीला शाळेतून काढायचं नाही. फार्मच्या कामाचा त्यांना अभिमान होता. औषध कालवताना ते कुणाशी बोलत नसत. पाणी दुधासारखं पांढरं झालं की काठी बाहेर काढायची, तोवर नाही.

वांग्याच्या वाफ्यावर लाल कोळी पडत असे. कोळी म्हणजे घरातलं जाळं विणणारं जनावर नव्हे, त्याचा फार लहान भाऊबंद. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पितो. आधी पानावर पांढरे ठिपके पडतात, मग पान धुळकटतं, तांबूस होतं, त्यावर बारीक जाळी धरते आणि ते गळतं. पान पांढऱ्या कागदावर झटकलं तर मिरपुडीएवढे ठिपके चालायला लागतात. साहेबांनी या कोळ्यावर नवीन आलेलं जहाल औषध मारायला लावलं. पहिल्या वर्षी वाफा असा स्वच्छ झाला की साहेब पाहुण्यांना दाखवायला आणत. दुसऱ्या वर्षी त्यांनी हुकूम काढला: कोळी दिसो न दिसो, दर आठ दिवसांनी फवारा. तिसऱ्या वर्षी कोळी मरेनासा झाला.

हे सगळ्यांत आधी बाबांनी पाहिलं. पाहणारच, पानं उलटून बघायची सवय त्यांनाच होती. ते साहेबांकडे गेले. पुढे हा प्रसंग त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला की तो मी स्वतः पाहिल्यासारखा मला पाठ आहे.

"साहेब, दवा तं बराबर हाय. पण हे मरून नाई राहिले."

साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "मरत नाहीत, म्हणजे तू मारत नाहीस."

बाबांनी त्यांना हात जोडून वाफ्यापर्यंत नेलं. पंपातलं औषध दोन थेंब मुंग्यांच्या रांगेवर टाकलं. मुंग्या जागच्या जागी आखडल्या. "दवेत नुसतं पाणी असतं तं मुंग्या काहून मेल्या, साहेब?"

"मुंगीला मरायला काय लागतं?" साहेब म्हणाले आणि वळले. आठवड्यानं बाबांना कामावरून काढलं. औषध बाहेर विकून त्यांनी वाफ्यावर पाणी मारलं, असा आरोप होता. कागदावर शेरा पडला: औषधाची चोरी, पुन्हा कामावर घेऊ नये. चौकशी नाही, साक्ष नाही. गवळी जसा दुधात पाणी घालतो तसं हे लोक करतात, असं साहेब चारचौघांत म्हणाले. हे लोक म्हणजे कोण, ते फोडून सांगायची गरज नव्हती.

नंतर बाबांना फवारणीचं काम कुणी दिलं नाही. ते दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपणाला जाऊ लागले, बायकांच्या ओळीत. नोकरी त्यांना परत नको होती. त्यांना एकच हवं होतं: तो शेरा खोडला जावा. चांगला कोरा कागद घेऊन त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतले. उत्तर आलं नाही.

आणि मजा ऐका. बाबांच्या जागी दुसरा माणूस आला. त्याच्याही हातानं कोळी मरेना. या वेळी साहेब म्हणाले, औषधाचा माल खराब आला आहे. दुकानदार बदलला, वांगी बंद करून भेंडी लावली, भेंडीवरही तेच कोळी. पुढच्या माणसाच्या वेळी दवा खराब, बाबांच्या वेळी मात्र माणूस खराब! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, तरी फाशी झालीच होती. ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवशी मी डूख धरला. माय म्हणायची, "सोड नं आता. कुत्रं चावलं म्हून आपण कुत्र्याले चावतो काय?"

मी म्हणायची, "चावीन."

मॅट्रिकनंतर मी अमरावतीला कॉलेजात गेले आणि प्राणिशास्त्र घेतलं. लोकांना वाटलं, पोरीला विषयाची आवड आहे. मला आवड साहेबाच्या नरडीची होती. बडनेऱ्याला गाडी बदलताना बाकावर बसून मी कोळ्यांविषयीची पानं वाचायची. पास झाल्यावर त्याच फार्मच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा निघाली, तेव्हा सरळ अर्ज टाकला. साहेबांनी मुलाखत घेतली आणि मला ओळखलं नाही. बाबांना फार्मवर नुसत्या नावानं हाक मारत, त्यांना आडनाव असेल हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्या आडनावाचा त्यांच्याशी संबंध कोण जोडणार?

प्रयोगशाळेचे प्रमुख एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना सर म्हणत असू. सर मितभाषी आणि सरळ. मी म्हटलं, भेंडीवरच्या कोळ्यांवर काम करते. ते म्हणाले, करा. कुणी हात लावत नव्हतं त्या कामाला, कारण जनावर डोळ्याला धड दिसत नाही आणि मान मोडते.

वालाचं पान उलटं करून ओल्या कापसावर ठेवायचं. कोळ्याला ओल ओलांडता येत नाही, म्हणून तो पानावरच राहतो. मोजके केस ठेवलेल्या ब्रशानं एकेक उचलायचा. अकोल्याच्या उन्हात आठ-दहा दिवसांत एक पिढी होते. माणसाच्या शंभर वर्षांचं काम तिथे दीड महिन्यात उरकतं. एका बाजूला मी फार्मच्या भेंडीवरचे कोळी वाढवले. दुसऱ्या बाजूला नांदगाव खंडेश्वरहून आणलेले. तिथे माझ्या आत्याच्या घरामागे उकिरड्यावर एरंडी माजली होती, आणि तिच्यावर कुणाच्या बापानं कधी औषध मारलं नव्हतं. दोघांना एकाच बाटलीतलं, मी स्वतः कालवलेलं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी एरंडीवरचे सगळे मेले. फार्मवरचे पानावर आरामात हिंडत होते.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मागे जाऊन रडले. आनंदानं नाही, रागानं. इतकी सोपी गोष्ट होती! एक पान, एक बाटली, एक दिवस. साहेबाला तेव्हा एवढं करता आलं नसतं?

पण एवढ्यावर मी थांबले नाही, कारण साहेब म्हणाला असता की भेंडीवरचे कोळी नुसतेच धट्टेकट्टे आहेत, खाऊन पिऊन माजलेत. हा गुण रक्तातून उतरतो हे दाखवायला हवं होतं. आता कोळ्यांच्या घरात एक विचित्र रीत आहे. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, पण त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नराला बाप नसतोच. मादीला मात्र आई आणि बाप दोघंही असतात. म्हणजे बापाकडे जो गुण असेल तो लेकीत उतरतो, लेकात कधी नाही. सरांनी हे समजावलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या घरचंच वर्णन होतं. माझा भाऊ मुंबईला गिरणीत लागला होता आणि पत्रात लिहायचा, झालं गेलं विसरा. बाबांची आग उतरली ती माझ्यात. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

मी जोड्या लावल्या. वयात यायच्या आधी मादी एकदा निपचित पडते. त्या वेळी तिला उचलून वेगळ्या पानावर ठेवायचं, म्हणजे नको तो नर तिच्याजवळ येत नाही. एरंडीची मादी आणि फार्मचा नर अशी पहिली जोडी. त्यांच्या लेकी औषधातून जिवंत निघाल्या, लेक सगळे मेले. मग उलट लावली, मादी फार्मची आणि नर एरंडीचा. या वेळी लेकी जगल्या आणि लेकही जगले. मग त्या मिश्र लेकींना नराचं तोंडच दाखवलं नाही. त्यांना झालेल्या नरांतले जवळजवळ निम्मे मेले, निम्मे जगले. सरांनी माझी वही दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एकाच गुणाचा खेळ आहे हा. आईकडून आला तर आला, नाही तर नाही. फार स्वच्छ काम झालंय."

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. त्यांची समजूत अशी होती की कोळी औषध खाऊन खाऊन शिकले.

"शिकले नाहीत, बाबा. आधीपासूनच त्यांच्यात एखाददुसरा न मरणारा होता. फवाऱ्यानं मरणारे मेले. उरले त्यांची पोरं झाली, आणि ती बापजाद्यांसारखीच निघाली."

बाबांनी थोडं मोजल्यासारखं केलं. मग म्हणाले, "म्हणजे म्या जितलं चांगलं मारलं, तितले हे जास्त झाले?"

"हो."

"म्हणजे म्या चांगलंच मारलं होतं."

त्यांनी तेवढंच ऐकलं आणि ते बरोबर ऐकलं. कारण पाणी मारलं असतं, तर असले कोळी झालेच नसते. मरणारे आणि न मरणारे सारखेच वाढले असते आणि जुनेच कोळी वाफ्यावर राहिले असते. न मरणारा कोळी हीच बाबांची साक्ष होती. ती माझ्याकडे काचेच्या थाळीत जिवंत होती.

सर म्हणाले, "हे लिहून काढा. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवू. खाली मी सही करतो. तुमच्या वडिलांचं प्रकरणही त्यात घालू." सरांना मी तेव्हा सगळं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "सर, अजून एकदा करून पाहते. घाई नको."

खोटं बोलले. काम पुरं झालं होतं. पण मला डोळ्यांसमोर दिसत होतं काय होणार ते: साहेब वाचणार, "अच्छा" म्हणणार, वर स्वतःचं नाव घालणार आणि अहवाल कुठेतरी छापून टाळ्या मिळवणार. शेरा खोडला जाईल, पण ह्या माणसाचं काय जाईल? त्याला आधी घाम फुटायला हवा होता. आपल्या डोळ्यांदेखत आपली वस्तू जळते आणि हातात काही उरत नाही, हे त्याला कळायला हवं होतं. तेवढं उट्टं काढलं की मग अहवाल.

साहेबांचा जीव गुलाबांत होता. बंगल्यापुढे कुंड्या आणि आळी, थंडी सरता सरता अमरावतीला फुलांचं प्रदर्शन भरायचं, आणि कप त्यांचाच. गुलाबांची देखरेख करायला एक माळी होता. त्याचं घर पिढीजात फुलांचं, बायको अकोल्याच्या बाजारात हार विकायची. रोज सकाळी तो बंगल्यावरून टोपलीत फुलं घेऊन साहेबांच्या ऑफिसात यायचा. टोपलीत खाली आणि वर एरंडीची ओली पानं घालायची ही त्यांची पद्धत, त्यानं फुलं थंड राहतात. प्रयोगशाळेच्या नळाजवळ मी कोळ्यांसाठी एरंडीची झाडं लावली होती. माळी तिथे थांबून विचारायचा, "बाई, चार पानं नेऊ काय उद्यासाठी?" मग माझ्या माठातलं पाणी प्यायचा. त्या सगळ्या फार्मवर माझ्या माठातलं पाणी पिणारा तो आणि सर, दोघंच होते. उरलेली पानं तो टाकत नसे, गुलाबांच्या आळ्यात पसरायचा. खत होतं म्हणायचा.

ही पद्धत मला ठाऊक होती. म्हणून तर ते सुचलं.

मी फार्मच्या कोळ्यांनी भरलेली एरंडीची पानं तयार केली. वरून हिरवीगार, खालून वस्ती. माळी आला तेव्हा मी स्वतः उठून गेले आणि पानं त्याच्या हातात दिली. "आज तुमीच तोडून ठेवली, बाई," तो खूश होऊन म्हणाला. असं मी चार दिवस केलं. पान सुकलं की कोळी खाली उतरतो आणि पहिलं हिरवं दिसेल त्यावर चढतो. हे मला पुस्तकानं शिकवलं होतं.

पंधरा दिवसांत गुलाबांवर ठिपके आले. साहेबांनी फवारा मारायला लावला. आणखी आठ दिवसांत कळ्यांवर जाळी धरली. साहेब स्वतः मुंबईहून औषधाची सीलबंद बाटली घेऊन आले. माळ्यानं ती बाटली आमच्या नळावर फोडली, माझ्यासमोर कालवली, पाणी पांढरं होईपर्यंत. एकदा मारलं, दोनदा, तीनदा. पानं गळतच राहिली. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात साहेबांच्या कुंड्यांत नुसते काटे उभे होते. मी मुद्दाम बंगल्यावरून चालत जायची. साहेब लुंगी-बनियनवर कुंड्यांमधून फिरताना, पान उलटं करून बघताना दिसायचे. आता उलटतोस पान! मी पोट भरून पाहून घ्यायची.

मग एका सकाळी साहेब प्रयोगशाळेच्या दारातच माळ्यावर ओरडले. मी थाळी हातात घेऊन खिडकीशी उभी होते.

"सीलबंद बाटली होती. मी स्वतः आणली. औषध विकलंस आणि पाणी मारलंस!"

"लेकराची आन, साहेब. थेंब इकडचा तिकडे नाई केला," माळी म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा नं. तुमच्यासमोरच कालवली ना म्या?"

मी पाहिलं होतं. बाटली, काठी, पांढरं पाणी, सगळं पाहिलं होतं. साहेबही माझ्याकडे बघू लागले. मी "हो" म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग कोळी का मरत नाहीत? आणि तो प्रश्न मला इतक्यात नको होता. प्रदर्शनाला अजून तीन दिवस होते.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

माळ्याला त्याच दिवशी काढलं. कप दुसऱ्या कुणाला तरी गेला. रविवारी मी घरी गेले तेव्हा अंगात आनंद मावत नव्हता. बाबा अंगणात बाज विणत होते. मी समोर बसून सगळं सांगितलं: पानं, कुंड्या, साहेबांचं तोंड. बाबा विणता विणता ऐकत होते. माळ्याचं आलं तिथे त्यांचे हात थांबले.

"त्याले काय म्हणलं साहेबानं?"

"दवा विकली आणि पाणी मारलं."

"तुले इचारलं काय कोणी?"

मी सांगितलं. खोटं बोलणं शक्य नव्हतं, तेवढी हिंमत नव्हती माझ्यात.

"मले साहेबानं चोर केलं," बाबा म्हणाले. "त्याले तू केलं."

"मी नाही, बाबा! साहेबानंच केलं. त्याची सवयच आहे ती."

"साहेबाले मालूम नव्हतं. तुले मालूम होतं."

इतक्या वर्षांत बाबांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशीही नाही. ते उठले, हातपाय धुतले, पेटीतला धुतलेला सदरा काढला. माय दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. बाबा म्हणाले, "उद्या जाऊ." सदरा त्यांनी तेव्हापासूनच बाहेर काढून खुंटीला लावून ठेवला.

सोमवारी आम्ही साहेबांसमोर उभे राहिलो. त्यांनी बाबांना ओळखलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात हिशोब जुळलेला मला दिसला. मी दोन्ही थाळ्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. कबूल करायला हवं, माणूस बुद्धीनं कमी नव्हता. भिंगातून पाहिलं, वही चाळली, जोड्यांचे तक्ते वाचले. त्यांना पाच मिनिटांत जे कळलं ते मला कळायला वर्ष लागलं होतं. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. गुलाबांवर हे कोळी तुम्ही सोडलेत. हे औषधाला दाद देत नाहीत. माळ्याचा दोष नाही."

मी लिहिलं. पुढे आणखी लिहू लागले, वांग्याच्या वाफ्यावरही हेच कोळी होते, म्हणून माझ्या वडिलांचाही...

"एवढं पुरे," साहेब म्हणाले. "वांग्याचं यात आणू नका. गुलाबांवर कोणीतरी आणून टाकले. वांग्यांवरही कोणी आणून टाकले असतील. कोण सांगावं? ज्याला पोसता येतात, त्याला सोडताही येतात." आणि बाबांकडे बघून ते किंचित हसले.

वर्षभर खपून मी तयार केलेली साक्ष माझ्याच हाताच्या अक्षरात खोटी पडली होती.

बाबा मात्र शांतपणे बोलले. "साहेब, वांग्यात कोणी टाकले नाई. थे वांग्यातच झाले. तुमच्या हुकमानं दर आठ दिवसाले म्या फवारा मारला, म्हून झाले. माया पोरीनं गुलाबात टाकले, थे तिनं सांगतलं. जे केलं थे सांगावं लागते."

साहेबांनी पेन पुढे सरकवलं. कागदाची खालची जागा दाखवून म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही करा."

बाबांनी अक्षर न् अक्षर जुळवून सही केली. मुलीनं केलेल्या गुन्ह्याच्या कागदावर.

माळी दुसऱ्या दिवशी कामावर आला. माझी नोकरी गेली. सरांनी माझी वही परत दिली आणि म्हणाले, "हे आता कोणी वाचणार नाही. तुम्हीच कोळी सोडत होतात म्हटल्यावर तुमच्या तक्त्यांवर कोण विश्वास ठेवील?" ते रागावले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. त्यानंतर मी मूर्तिजापूरला शाळेत शिकवत राहिले. माळी एकदा अकोल्याच्या बाजारात भेटला. मी वाट सोडून बाजूला होत होते, पण तोच पुढे आला. "बाई, तुमची साहेबासंग दुश्मनी होती, थे समजलं. पण मले काहून?" एवढं विचारून तो बायकोच्या दुकानाकडे निघून गेला.

आता पोराटोरांनाही ठाऊक आहे की तेच ते औषध मारत राहिलं की कोळी दाद देत नाही. त्यासाठी कुणाला चोर व्हावं लागत नाही. साहेबाला मी माफ केलेलं नाही. तो मेला ते ऐकलं त्या दिवशी मी घरात गोड केलं होतं, आणि ते खाल्लंही. सूड वाईट असतो असं लोक म्हणतात. मी तसं म्हणणार नाही, त्या माणसाचं जेवढं वाईट व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही असंच मला अजून वाटतं. पण बाबा गेले तेव्हा त्यांच्या कागदावर तो शेरा होता तसाच होता. ते नेहमी म्हणायचे, खोडला जाईल. सरांनी सांगितलं होतं त्या सोमवारी मी फक्त थाळी टेबलावर ठेवायची होती. बाबांना निर्दोष ठरवणारा पुरावा माझ्या हातात होता, आणि तो मी गुलाबांवर सोडला.